बदल केलेला चेनसॉ दम का टाकतो: स्क्रूला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

मे महिन्याच्या अखेरीस ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा खाडीपलीकडे वाशी-नेरूळच्या सेक्टरांमध्ये फिरताना चेनसॉचा आवाज कानावर पडल्याशिवाय राहत नाही. गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्षांच्या धोकादायक फांद्या छाटण्याची कामे एकदमच निघतात, आणि पहिल्या वादळी पावसानंतर रस्त्यावर आडव्या झालेल्या झाडांचे तुकडे करायला हीच मशिने रात्री-अपरात्री बाहेर पडतात. (उभ्या झाडाला हात लावण्यापूर्वी 1975 च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हे या व्यवसायातील प्रत्येकाने लक्षात ठेवायलाच हवे.) कामाचा रेटा मोठा आणि मशीन 52 किंवा 58 सीसीचे, म्हणून त्यातून जास्त ताकद काढण्यासाठी अनेक जण त्यात बदल करून घेतात. कोणी सायलेन्सरचे तोंड मोठे करतो, कोणी सिलिंडरखालचे गॅसकेट (सांधा हवाबंद ठेवणारी पातळ पट्टी) काढून टाकतो, कोणी एक्झॉस्टचे पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याचे तोंड, घासून रुंद करतो, तर कोणी टायमिंग पुढे घेतो, म्हणजे ठिणगी जरा आधी पडेल असे करतो. वागळे इस्टेट, रबाळे किंवा तुर्भ्याच्या लेथवर यातील बहुतेक कामे होऊ शकतात.

बदल केल्यावर पहिले काही दिवस मशीन खूश करते. मग तक्रारी सुरू होतात: मोकळे चांगले पळते पण लाकडात घातले की दम टाकते, गरम झाल्यावर बंद पडते, थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही. अशा वेळी हात सर्वांत आधी कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे जातो, आणि माझ्या मते अशी बहुतेक इंजिने तिथेच बिघाडाकडून नाशाकडे जातात. स्क्रू हे तपासणीचे शेवटचे पाऊल आहे. त्याआधी इंजिन हवाबंद आहे, त्याला योग्य इंधन मिळते आहे आणि त्याचे यांत्रिक माप बरोबर आहे, याची खात्री झालेली असली पाहिजे.

याचे कारण टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेत आहे. चेनसॉमध्ये इंजिनाच्या ऑइलची वेगळी टाकी नसते; क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला आणि रिंगला मिळणारे ऑइल पेट्रोलात मिसळूनच येते, आणि इंजिन थंड ठेवण्यातही आत येणाऱ्या ओल्या मिश्रणाचा वाटा मोठा असतो. म्हणजे पेट्रोल कमी पडले की इंधन, वंगण आणि थंडावा या तिन्ही गोष्टी एकदम कमी होतात. कारखान्यातून मशीन निघते तेव्हा कार्बोरेटर मूळ सायलेन्सरच्या हिशेबाने बसवलेला असतो. सायलेन्सर मोकळा केला की इंजिनातून जास्त हवा वाहू लागते, मात्र स्क्रू तिथेच राहिल्याने पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही आणि मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलाचे, होते. फसगत इथेच होते. थोडे लीन झालेले इंजिन जास्त आरपीएम देते, त्याचा आवाज धारदार येतो आणि ते हाताला जास्त ताकदवान वाटते. आत मात्र ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्त फुगत असतो, त्याच्यावरचा ऑइलचा थर पातळ होत असतो आणि एक्झॉस्टच्या बाजूने घासण्याला सुरुवात झालेली असते. सीज होण्यापूर्वीची, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होण्यापूर्वीची, काही मिनिटे मशीन सर्वांत छान चालते, असे जुने मेकॅनिक सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

तपासणीची सुरुवात इंजिनाबाहेरून करावी, कारण दोष पुष्कळदा तिथेच सापडतो. शहरातल्या झाडांच्या खोडात पाट्यांचे खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा आणि कठड्याचे सिमेंट लपलेले असते. एका खिळ्याने चेनची धार जाते आणि चालवणाऱ्याला वाटते की इंजिन कमी पडते आहे. लाकडातून चपटे, मोठे तुकडे निघण्याऐवजी पिठासारखा भुसा निघत असेल, तर आधी कानस घ्यावी. चेन ब्रेक किंचित अडकून क्लच ड्रम तापतो आहे का, लहान इंजिनावर 22 इंची बार (जिच्यावर चेन फिरते ती पट्टी) चढवला आहे का, बारला ऑइल पोहोचते आहे का, हेही पाहावे. बदल केलेल्या मशीनवर हौसेने मोठा बार लावण्याची पद्धत आहे. मिळवलेली ताकद त्यातच खर्ची पडते.

त्यानंतर पाळी इंधनाची, आणि हा भाग सध्या आपल्याकडे विशेष महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पंपावर येऊ लागले आणि 2025 मध्ये 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले गेले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे 9 पट. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्यामुळे त्याला बाहेरची हवा कमी लागते. 20 टक्के मिश्रणाचा हिशेब साधारण 13.5 च्या आसपास येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा, की स्क्रू न हलवता शुद्ध पेट्रोलावरून या पेट्रोलावर आलेले मशीन सुमारे 8 टक्क्यांनी लीन होते. मूळ स्थितीतल्या मशीनमध्ये इतका फरक कसाबसा पचतो. सायलेन्सर मोकळा केलेल्या मशीनमध्ये मात्र तो आधीच्या लीनपणावर चढतो, आणि पूर्वी ठीक चाललेले बदल आता पिस्टन का खातात, याचे उत्तर अनेकदा या बेरजेत असते. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असल्यामुळे वाढवलेल्या कॉम्प्रेशनला तो नॉकिंगपासून (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यापासून) काहीसे वाचवतो हे खरे, पण म्हणून लीनपणा दूर होत नाही. अनेक चेनसॉच्या माहितीपुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के दिलेली असते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका पाण्याचा आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि जून ते सप्टेंबर या काळात ठाणे-नवी मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नसतो. अर्धा रिकामा कॅन झाकण सैल ठेवून शेडमध्ये पडून राहिला, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलापासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. टाकीतला फिल्टरही तळाशीच असतो. त्या थरात टू-टी ऑइल जवळजवळ नसते, कारण ऑइल वरच्या पेट्रोलात राहते. असा तळाचा थर ओढणारे इंजिन फार वेळ टिकत नाही. म्हणून संशय आल्यास टाकीतले इंधन पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवावे. रंगीत ऑइल मिसळलेले असल्याने तळाचा फिका थर सहज ओळखू येतो. मिश्रण लागेल तेवढेच करावे आणि काही आठवड्यांपेक्षा जुने वापरू नये. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे असावे: 50:1 असेल तर एका लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली ऑइल. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय सोडावी आणि मोजपात्र वापरावे. प्रमाण बदलले तर कार्बोरेटरचे सेटिंग पुन्हा तपासावे, कारण ऑइल वाढले की तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल थोडे कमी होते.

पाइपला बारीक चिरा, टाकीतला फिल्टर चिकटलेला, कार्बोरेटरमधील रबरी पडदे कडक झालेले, हे दोष जुन्या मशीनमध्ये नेहमीचे आहेत आणि इथेनॉलने त्यात भरच पडते. टाकीला हवा मिळण्याचे छिद्र बुजले असेल, तर मशीन काही मिनिटे चालून मरते आणि टाकीचे झाकण सैल केले की पुन्हा जिवंत होते; ही चाचणी फुकट आहे, ती आधी करावी, पण इंजिन बंद करून आणि गरम सायलेन्सरपासून दूर.

आता मुख्य मुद्दा हवेचा. कार्बोरेटरच्या पुढे कुठूनही बाहेरची हवा क्रँककेसमध्ये (सिलिंडरखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद भागात) शिरत असेल, तर स्क्रूने केलेले कोणतेही सेटिंग खोटे ठरते. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन हवा घेते. याची खूण अशी: थ्रॉटल सोडल्यावर रेस लगेच खाली येत नाही, वरच घोटाळत राहते, किंवा मशीन एका कुशीवर केले की स्लो स्पीड बदलते. मशीनमध्ये बदल करताना हवेच्या नव्या वाटा आपणच तयार करत असतो. गॅसकेट काढून सिलिंडर थेट क्रँककेसवर बसवला आणि मधे साधे लाल सिलिकॉन लावले, तर ते पेट्रोलाने फुगून काही दिवसांत सुटते. तिथे पेट्रोलला टिकणारे सीलंट पातळ थरात आणि पूर्ण स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावरच लावावे लागते. सिलिंडर खाली आल्याने इनटेकचे रबर ताणले जाते आणि क्लिपपाशी चिरते. जास्त आरपीएममुळे क्रँकची ऑइल सीलही लवकर झिजतात.

खात्री करण्याची रीत एकच आहे, ती म्हणजे दाबाची चाचणी. इनटेक आणि एक्झॉस्ट जुन्या ट्यूबच्या रबराचे तुकडे लावून बंद करावेत आणि हातपंपाने साधारण 0.5 बार, म्हणजे सुमारे 7 पीएसआय, दाब द्यावा. काटा काही मिनिटे जागचा हलता कामा नये. हलला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. एवढ्यावर थांबू नये, कारण ऑइल सीलचा ओठ आतून दाब आला की शाफ्टवर घट्ट बसतो आणि गळती लपवतो. म्हणून तेवढीच निर्वात चाचणीही करावी आणि ती करताना क्रँक हाताने सावकाश फिरवावा. अनेक दुकानांत ही दुसरी चाचणी केलीच जात नाही, आणि नवे पिस्टन टाकलेले इंजिन पुन्हा तसेच भाजून परत येते. चालू इंजिनावर स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत मी सुचवणार नाही. तापलेला सायलेन्सर हातभर अंतरावर असताना ज्वलनशील फवारा उडवणे धोक्याचे आहे.

पिस्टनची अवस्था पाहण्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. थंड मशीनचा सायलेन्सर काढून दोरी हळू ओढत टॉर्चच्या उजेडात एक्झॉस्ट पोर्टमधून पाहिले, की पिस्टनची भिंत दिसते. कारखान्यातल्या बारीक आडव्या रेषा दिसत असतील तर पिस्टन निरोगी आहे. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे आणि चिकटलेले ॲल्युमिनियम दिसले, तर कारण लीनपणा, ऑइलचा अभाव किंवा अति उष्णता. इनटेकच्या बाजूला राखट घासलेपणा असेल, तर धूळ आत गेली आहे, आणि जास्त हवा मिळावी म्हणून लावलेल्या विरळ फिल्टरवर संशय घ्यावा. पिस्टन घासला गेला असेल तर पुढचे सेटिंग तिथेच थांबवावे.

कॉम्प्रेशन मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा वाढायचा थांबेपर्यंत दोरी ओढावी. निरोगी मशीन साधारण 150 पीएसआयच्या आसपास असते, गॅसकेट काढलेले त्याहून बरेच वर जाऊ शकते, आणि 110 च्या खाली गेले तर रिंग किंवा सिलिंडरची शक्यता पाहावी. मोटारीसाठीच्या लांब पाइपच्या गेजमध्ये व्हॉल्व्ह टोकाला नसतो; लहान सिलिंडरवर ते आकडा कमी दाखवते, हे माहीत नसल्यामुळे चांगली इंजिने उगाच खोलली जातात.

गॅसकेट काढण्याचा परिणाम थोडा खोलात समजून घेण्यासारखा आहे. सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली आला, की कॉम्प्रेशन वाढते हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याचबरोबर एक्झॉस्ट आणि ट्रान्सफरची (क्रँककेसमधले मिश्रण वर नेणारी) पोर्टही खाली येतात, म्हणजे ती उशिरा उघडतात आणि लवकर बंद होतात, तर पिस्टनच्या खालच्या कडेने उघडणारे इनटेक पोर्ट जास्त वेळ उघडे राहते. परिणामी खालच्या आरपीएमची ओढ वाढते आणि वरचा पल्ला कमी होतो. हे ठाऊक नसलेला मालक म्हणतो की मशीन वरती पळत नाही, आणि आरपीएम परत मिळवण्यासाठी एच स्क्रू (पूर्ण वेगाला मिळणारे पेट्रोल ठरवणारा) आवळत जातो. दोष पोर्टच्या उंचीत आणि शिक्षा पिस्टनला, असा हा प्रकार आहे.

पिस्टनचा माथा आणि सिलिंडरचे छत यांच्यातले अंतर या कामात मोजलेच पाहिजे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी सोल्डरची दीड मिलिमीटरच्या आसपासची मऊ तार घ्यावी, टोक वाकवून प्लगच्या भोकातून आत घालावे आणि ते पिस्टन पिनच्या रेषेत सिलिंडरच्या भिंतीला टेकेल असे धरावे. इतर दिशेने धरल्यास पिस्टन कलतो आणि माप चुकते. मग इंजिन हाताने एकदा पूर्ण फिरवावे, तार काढावी आणि तिचे चेपलेले टोक व्हर्नियरने किंवा मायक्रोमीटरने मोजावे. दोन्ही बाजूंची मापे घ्यावीत. ती 0.5 मिलिमीटरच्या आसपास असली तर काम बरे झाले. त्याहून बरीच कमी असली तर गरम झाल्यावर, जास्त आरपीएमला, पिस्टन छताला लागण्याचा धोका असतो, आणि पातळ गॅसकेट परत टाकणे हाच उपाय. दोन बाजूंत लक्षणीय फरक असेल तर सिलिंडर तिरपा बसला आहे.

रुंद केलेल्या पोर्टच्या कडा गोलसर घासल्या नसतील, तर रिंग त्यात अडकते. सायलेन्सरच्या बाबतीत आणखी मोठे भोक म्हणजे आणखी ताकद, हे गणित चालत नाही; एक्झॉस्ट पोर्टच्या क्षेत्रफळाच्या साधारण तीन-चतुर्थांशाइतके तोंड पुरते. त्यातली ठिणगी अडवणारी जाळी कार्बनने बुजली असेल तर ती साफ करावी, काढून फेकू नये.

इग्निशनमध्ये प्लगचा गॅप साधारण 0.5 मिलिमीटर आणि कॉइल व फ्लायव्हील यांच्यातले अंतर बहुतेक मशिनांत 0.2 ते 0.3 मिलिमीटर असते. खाडीकाठच्या दमट हवेत फ्लायव्हीलच्या चुंबकांवर आणि कॉइलच्या पट्ट्यांवर गंज धरतो. तो साफ करून अंतर पुन्हा लावावे. टायमिंग पुढे घेण्यासाठी फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागी धरणारा तुकडा) घासलेली असेल, तर तिचे नेमके स्थान तपासावे. सुरू करताना दोरी हाताला उलटा हिसका देत असेल, तर टायमिंग प्रमाणाबाहेर पुढे गेले आहे. वीसेक मिनिटांनी बंद पडून थंड झाल्यावरच सुरू होणाऱ्या मशीनची ठिणगी गरम असतानाच तपासावी, कारण दमलेली कॉइल थंडीत निर्दोष दिसते.

एवढे सगळे बरोबर निघाले की मग स्क्रू. एअर फिल्टर स्वच्छ, बार आणि चेन जागेवर, इंजिन कामाइतके गरम, आणि कानांना संरक्षण. आधी एल (कमी वेगाला मिळणारे पेट्रोल ठरवणारा), मग स्लो स्पीडचा, शेवटी एच. एल किंवा एच बाहेर फिरवला की पेट्रोल वाढते, आत फिरवला की कमी होते. सुरुवात दोन्ही स्क्रू हलके टेकवून पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांनी बाहेर घेऊन करावी, जी पुष्कळ कार्बोरेटरांत एका फेरीच्या आसपास असते. जोर लावून आवळल्यास सुईची बैठक कायमची बिघडते.

एच लावताना कान महत्त्वाचा. जरा जास्त पेट्रोल मिळणारे इंजिन मोकळे पूर्ण थ्रॉटल दिल्यावर घरघरते, मधेमधे ठोका चुकवल्यासारखे बोलते. तेच लाकडात टेकवले की आवाज एकसंध होतो आणि बाहेर काढले की घरघर परत येते. हवे असलेले सेटिंग हेच. लाकडाबाहेरही आवाज एकसंध किंचाळत असेल तर मिश्रण लीन आहे. मात्र काही कॉइलमध्ये आरपीएमची मर्यादा असते आणि त्या मर्यादेला लागलेले इंजिनही असेच घरघरते. लीन इंजिन मर्यादेवर आदळत असताना ते रिच (जास्त पेट्रोलाचे) आहे असे समजून स्क्रू आणखी आवळणे ही चूक महागात पडते. म्हणून टॅकोमीटर वापरावा, पुस्तिकेतील कमाल आरपीएमच्या आत राहावे, आणि मोकळे पूर्ण थ्रॉटल एका वेळी काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. एच दोन-अडीच फेऱ्या बाहेर येऊनही मशीन लीन वाटत असेल, तर स्क्रूची हद्द संपली आहे. अडथळा फिल्टर, पाइप, कार्बोरेटरमधील लीव्हरची उंची किंवा आतला पक्का जेट (पेट्रोल येण्याचे ठरावीक मापाचे छिद्र) यांपैकी कुठेतरी आहे. इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटरच्या मशिनांत स्क्रू नसतात. ती स्वतः सुधारणा करतात, पण त्यांच्या आवाक्यातच, आणि हवेची गळती त्यांनाही फसवते.

मे महिन्याच्या दुपारच्या विरळ हवेत लावलेले सेटिंग जानेवारीच्या पहाटे लीन होते, कारण थंड हवा दाट असते. तेव्हा एच थोडा बाहेर घ्यावा लागतो. नवे सेटिंग झाल्यावर तीन-चार टाक्या चालवून सायलेन्सर पुन्हा काढावा, पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू पाहावी आणि सिलिंडरचे व सायलेन्सरचे बोल्ट इंजिन थंड असताना परत आवळावेत.